तळटीप : डॉज मोटार

१. मूळ मजकुरातले पैनगंगेच्या दक्षिणेकडचे बेला हे गाव तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. तिथली डॉज मोटार मात्र बहुधा मुंबईकडची असावी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडायला घेतल्या. मूळ मजकुराचे लेखक डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या तीन वेगळ्या गाड्या मानतात. समोरची जाळी, चकचकीत पट्ट्या आणि नाव सोडले, तर त्या काळी इकडे मिळणाऱ्या या गाड्यांत फरक थोडाच होता.

‘विमानाच्या पंखांची’ हे लेखकाचे वर्णनही या डॉज गाडीला लागू पडत नाही. मागचे पंख १९४८ च्या कॅडिलॅकवर आले, तेही लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचलेले; डॉजला ते पन्नाशीच्या दशकाच्या मध्यानंतर फुटले. त्याआधीची डॉज उंच, फुगीर, काहीशी बोजड. क्रायस्लरची १९३४ ची निमुळती ‘एअरफ्लो’ गिऱ्हाइकांनी नाकारल्यावर कंपनी नव्या घडणीला बिचकत होती. शिवाय प्रमुख के. टी. केलर यांचा आग्रह असा, की टोपी न काढता गाडीत बसता आले पाहिजे. अमेरिकेत यावरून त्यांची थट्टा झाली. इकडच्या फेटेवाल्यांना मात्र तीच उंची सोयीची गेली असणार! पेट्रोल पिणारी पण दणकट, ही डॉजची ख्याती. पुढे क्रायस्लरच्या १९५७ च्या देखण्या, पंखवाल्या गाड्या गंजण्यासाठी बदनाम झाल्या.