माजी मुख्यमंत्र्यांचे उपमुख्यमंत्रिपद (महाराष्ट्र)

महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद भूषविलेल्या व्यक्तीने पुढे राज्याचे उपमुख्यमंत्रिपद स्वीकारल्याची दोन उदाहरणे आहेत : देवेंद्र फडणवीस (२०२२) आणि एकनाथ शिंदे (२०२४). भारतीय राज्यघटनेत अशा नियुक्तीस मनाई नाही. एखाद्या व्यक्तीने किती वेळा मुख्यमंत्री व्हावे यावर घटनेने मर्यादा घातलेली नाही आणि उपमुख्यमंत्रिपदाचा तर घटनेत उल्लेखच नाही. अमेरिकेत दोनदा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष पुढे उपराष्ट्राध्यक्ष होऊ शकतो का, हा याच स्वरूपाचा प्रश्न मात्र वादग्रस्त आहे.

घटनात्मक स्थिती

घटनेच्या अनुच्छेद १६३ नुसार राज्याच्या मंत्रिपरिषदेच्या प्रमुखपदी मुख्यमंत्री असतो. अनुच्छेद १६४ नुसार राज्यपाल मुख्यमंत्र्याची नियुक्ती करतात आणि त्याच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिपरिषदेच्या आकारावर विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. कार्यकाळांच्या संख्येवर अशी मर्यादा नाही.

उपमुख्यमंत्री हा कायद्याच्या दृष्टीने मंत्रीच असतो. १९८९ मध्ये चौधरी देवीलाल यांनी उपपंतप्रधान म्हणून घेतलेल्या शपथेस आव्हान देण्यात आले, तेव्हा ‘उपपंतप्रधान’ हा शब्द केवळ वर्णनात्मक असून देवीलाल इतर मंत्र्यांसारखेच मंत्री आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला. राज्यांतील उपमुख्यमंत्र्यांच्या नियुक्त्यांविरुद्धची याचिकाही न्यायालयाने १२ फेब्रुवारी २०२४ रोजी फेटाळली.

महाराष्ट्रातील उदाहरणे

राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री नाशिकराव तिरपुडे होत. १९७८ मध्ये काँग्रेसच्या दोन गटांनी वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त सरकार स्थापन केले, तेव्हा हे पद निर्माण झाले. पुढेही बहुधा आघाडीतील सहकारी पक्षाचा मान राखण्यासाठीच त्याचा उपयोग झाला.

फडणवीस ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी मुख्यमंत्री झाले. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली. परंतु बहुमताच्या चाचणीपूर्वीच, २६ नोव्हेंबरला, राजीनामा दिला. ३० जून २०२२ रोजी शिंदे मुख्यमंत्री आणि फडणवीस उपमुख्यमंत्री झाले. ५ डिसेंबर २०२४ रोजी या भूमिका उलटल्या : फडणवीस मुख्यमंत्री झाले, तर शिंदे व अजित पवार यांनी उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. इतर राज्यांत तमिळनाडूचे तीन वेळा मुख्यमंत्री राहिलेले ओ. पनीरसेल्वम यांचे उदाहरण ठळक आहे. २०१७ मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले.

माजी मुख्यमंत्र्याने दुसऱ्या मुख्यमंत्र्याच्या हाताखाली मंत्री होण्याची प्रथा मात्र जुनी आहे. शंकरराव चव्हाण १९७८ मध्ये शरद पवार यांच्या मंत्रिमंडळात होते. नारायण राणे आणि अशोक चव्हाण यांनीही मुख्यमंत्रिपदानंतर राज्यात मंत्रिपद स्वीकारले. रायगड जिल्ह्यातील आंबेत गावचे बॅरिस्टर अ. र. अंतुले (मुख्यमंत्री, १९८०–८२) यांनी पुढे केंद्रात मंत्रिपद सांभाळले.

स्थानिक स्वराज्य संस्था

पेण व रोहा येथील नगरपरिषदांसारख्या संस्थांत नगराध्यक्ष थेट मतदारांकडून, तर उपनगराध्यक्ष नगरसेवकांकडून त्यांच्यातूनच निवडला जातो. त्यामुळे माजी नगराध्यक्षास उपनगराध्यक्ष व्हायचे असल्यास आधी नगरसेवक म्हणून निवडून यावे लागते. ग्रामपंचायतीतील उपसरपंचही सदस्यांतूनच निवडला जातो. येथेही किती वेळा पद भूषवावे याला मर्यादा नाही. नगराध्यक्ष व सरपंच ही पदे मात्र आळीपाळीने आरक्षित होतात. उपपदांना हे आरक्षण लागू नाही. म्हणून थोरले पद दुसऱ्या प्रवर्गाकडे गेले, तरी माजी पदाधिकाऱ्यास उपपदाचा मार्ग मोकळा राहतो.

अमेरिकेशी तुलना

अमेरिकेच्या घटनेतील २२ व्या दुरुस्तीनुसार (१९५१) कोणतीही व्यक्ती राष्ट्राध्यक्षपदी दोनपेक्षा अधिक वेळा ‘निवडून’ येऊ शकत नाही. १२ व्या दुरुस्तीनुसार (१८०४) राष्ट्राध्यक्षपदासाठी घटनेने अपात्र ठरलेली व्यक्ती उपराष्ट्राध्यक्षपदासाठीही अपात्र असते. एका मतानुसार या दोन तरतुदींमुळे दोनदा निवडून आलेल्या माजी राष्ट्राध्यक्षास उपराष्ट्राध्यक्षपद बंद होते. दुसरे मत असे की, २२ वी दुरुस्ती फक्त निवडून येण्यास मनाई करते. पद धारण करण्यास नव्हे. हा प्रश्न न्यायालयापुढे निर्णयासाठी आलेला नाही.

वादाचे मूळ उत्तराधिकारात आहे. राष्ट्राध्यक्षपद रिक्त झाल्यास उपराष्ट्राध्यक्ष आपोआप त्या पदावर येतो. म्हणजे तिसऱ्या कार्यकाळास मागील दार उघडते. भारतात उपराष्ट्रपती, अनुच्छेद ६५ नुसार, नवा राष्ट्रपती निवडून येईपर्यंतच त्याचे काम पाहतो. शिवाय अनुच्छेद ५७ नुसार राष्ट्रपतीस पुन्हा निवडणूक लढविता येते. राजेंद्र प्रसाद १९५२ व १९५७ अशा दोन निवडणुकांत विजयी झाले होते. माजी राष्ट्रपती उपराष्ट्रपती झाल्याचे उदाहरण नाही. तथापि अनुच्छेद ६६ मधील पात्रतेच्या अटींत त्यास मनाईही नाही.

उपमुख्यमंत्र्यास तर असा तात्पुरता अधिकारही नाही. मुख्यमंत्रिपद रिक्त झाल्यास ते त्याच्याकडे आपोआप जात नाही. विधानसभेचा विश्वास मिळवू शकेल अशा व्यक्तीची राज्यपाल नव्याने नियुक्ती करतात. त्यामुळे माजी मुख्यमंत्र्याने उपमुख्यमंत्री व्हावे की नाही, हा महाराष्ट्रात पात्रतेचा नव्हे, तर पक्षीय तडजोडीचा आणि राजकीय प्रतिष्ठेचा प्रश्न ठरतो.