वीज, आकडेवारी आणि सत्ता : म्हैसूर संस्थानाच्या संदर्भात

म्हैसूर संस्थानाच्या आधुनिकतेचा विचार करताना शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्राचा उल्लेख गौरवाने केला जातो. तो गौरव अनाठायी नाही. १९०२ मध्ये कावेरीच्या पाण्यावर निर्माण झालेली वीज सुमारे ९२ मैल दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेण्यात आली. जगातील तत्कालीन लांब वीजवाहिन्यांत तिची गणना होत असे. मात्र हा आकडा केवळ तांत्रिक पराक्रमाचा पुरावा मानला, तर त्यातील सामाजिक आशय निसटतो. ही वीज कोणाकडे व कोणत्या क्रमाने पोहोचली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

तारखांचा क्रम बोलका आहे. खाणींना वीज मिळाली १९०२ मध्ये, बंगळूरला १९०५ मध्ये आणि म्हैसूर शहराला १९०८ मध्ये. कोलारच्या तुलनेत म्हैसूर केंद्रापासून कितीतरी जवळ होते. शिवाय ती राजधानी होती. तरीही तिला सहा वर्षे थांबावे लागले. खाणींचे व्यवस्थापन लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या पेढीकडे होते. चौथ्या कृष्णराज वडियारांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले ते १९०२ च्या ऑगस्टमध्ये. खाणींकडे वीज त्याआधीच, जूनमध्ये, वाहू लागली होती. पुढे १९११ मध्ये कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले, त्यामागेही खाणींना वर्षभर अखंड वीज पुरवण्याची निकड होती.

खाणीत उतरणारे बहुसंख्य मजूर तमिळभाषक दलित होते. वीजपुरवठ्याच्या हिशेबात त्यांना स्थान नव्हते. पण माणसांच्या मोजणीतून त्यांची सुटका नव्हती. १९३० मध्ये बोटांच्या ठशांसह नोंदणी करण्याच्या सक्तीविरुद्ध त्यांनी संप पुकारला. विजेचा आकडा संस्थानाची प्रतिष्ठा वाढवणारा होता, तर मजुराचा ठसा त्याच्यावर पाळत ठेवणारा. एकाच उद्योगातील या दोन नोंदींमध्ये सत्तेचे अंतर स्पष्ट होते.

मराठी वाचकाला येथे मुळशीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. टाटांच्या मुळशी प्रकल्पाची वीज मुंबईसाठी होती. धरणाखाली जाणाऱ्या जमिनी मात्र मावळातील पन्नासच्या आसपास गावांच्या होत्या. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहाने ही विषमता उघड केली. म्हैसूरमध्ये संस्थान स्वतः वीजनिर्माता होते, तर मुळशीत खाजगी कंपनीच्या पाठीशी भूसंपादनाचा कायदा उभा होता. मालकी भिन्न असली, तरी लाभ एकीकडे व भार दुसरीकडे ही विभागणी दोन्हीकडे आढळते.

तौलनिक अभ्यासकाने म्हणूनच आकडेवारीकडेही एक संहिता म्हणून पाहिले पाहिजे. तिला निवेदक असतो, अपेक्षित वाचक असतो आणि गाळलेले प्रसंगही असतात. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद पडल्या. शिवनसमुद्राचा गौरव पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. ९२ मैलांच्या त्या तारेच्या शेवटी कोण उभे होते, हे विचारल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही.