‘सुझरेन्टी’ आणि ‘सॉव्हरिन्टी’ : तिबेट प्रश्नातील दोन शब्दांचा इतिहास

प्रस्तावना :
राजनैतिक दस्तऐवजांतील शब्दयोजना हा केवळ भाषाशैलीचा प्रश्न नसतो. प्रसंगी एखाद्या प्रदेशाचा दर्जा तीवर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात तिबेटसंदर्भात वापरल्या गेलेल्या दोन इंग्रजी शब्दांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

अर्थभेद :
‘सॉव्हरिन्टी’ म्हणजे सार्वभौमत्व. अंतर्गत व बाह्य अशा दोन्ही व्यवहारांतील सर्वोच्च सत्ता. ‘सुझरेन्टी’ म्हणजे अधिसत्ता. हा शब्द सरंजामशाहीतून आला. अधिसत्ताधारी राज्य दुसऱ्या राज्याच्या परराष्ट्र संबंधांवर नियंत्रण ठेवते. अंतर्गत कारभार मात्र त्या राज्याकडेच राहतो. हिंदी संस्थानांवरील ब्रिटिश सत्तेसाठी हाच शब्द रूढ होता व १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या कलम ७ नुसार ती अधिसत्ता संपुष्टात आली.

तिबेटचे उदाहरण :
१९०७ च्या ब्रिटन-रशिया करारात तिबेटवरील चीनची अधिसत्ता मान्य करण्यात आली. १९१४ च्या सिमला परिषदेतील मसुद्याने अधिसत्तेबरोबरच बाह्य तिबेटची स्वायत्तताही मान्य केली. परंतु चीन सरकारने त्यास मान्यता दिली नाही. १९४३ मध्येही ब्रिटनने तिबेट स्वायत्त राहील या अटीवरच अधिसत्ता मान्य करण्याची तयारी दर्शविली.

स्वतंत्र भारताच्या २६ ऑगस्ट १९५० च्या निवेदनात मात्र ‘सॉव्हरिन्टी’ हा शब्द आला. ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्याने तिबेटमध्ये कारवाई सुरू केली. ३१ ऑक्टोबरच्या पत्रात भारताने ‘सुझरेन्टी’च्या चौकटीतील स्वायत्ततेचा आग्रह धरला, तेव्हा १६ नोव्हेंबरच्या उत्तरात चीनने ऑगस्टमधील निवेदनाचाच आधार घेतला. १९५४ च्या करारात ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा उल्लेख भारताने स्वीकारला. २९ ऑक्टोबर २००८ रोजी ब्रिटननेही अधिसत्तेची संकल्पना कालबाह्य ठरवून तिबेट हा चीनचाच भाग असल्याचे जाहीर केले.

निष्कर्ष :
तिबेटचे भवितव्य केवळ एका शब्दाने ठरले नाही. त्यामागे लष्करी सामर्थ्य होते. तथापि, ‘सुझरेन्टी’ या शब्दात तिबेटचे वेगळे राजकीय अस्तित्व गृहीत होते. तो शब्द सुटताच स्वायत्तता हा दोन राज्यांमधील प्रश्न न राहता चीनचा अंतर्गत प्रश्न ठरला. म्हणूनच इतिहासाच्या अध्यापनात या दोहोंसाठी ‘सत्ता’ असा एकच मराठी शब्द योजणे म्हणजे मूळ वादच पुसून टाकणे होय.