नळाचा वाद आणि बावीस वर्षांचे सरकार

चांगले काम केले की लोक पुन्हा निवडून देतात, असे आपण धरून चालतो. कॅनडात मात्र १९५७ साली निराळेच घडले.

तिथे लिबरल पक्ष १९३५ पासून सत्तेवर. आल्बर्टातला नैसर्गिक वायू नळाने थेट पूर्वेकडे न्यायचा, असा व्यापारमंत्री सी. डी. हाऊ यांचा बेत होता. बेत काही वाईट नव्हता. पण कंपनी बव्हंशी अमेरिकन भांडवलाची, अन् कर्ज द्यायचे सरकारने! विरोधक उठलेच. त्यात ७ जून १९५६ च्या आत विधेयक मंजूर व्हायला हवे होते. म्हणून चर्चा धड सुरू होण्याआधीच चर्चाबंदीची सूचना आली.

१ जूनला तर कहर झाला. आदल्या दिवशी सभापतींनी विरोधकांना बोलायची मुभा दिली होती. ती त्यांनी काढून घेतली आणि काल सायंकाळी सव्वापाचला सभागृह जिथे होते तिथेच ते आहे असे समजायचे ठरवले. घड्याळाचे काटेच मागे फिरवले म्हणा ना! सभासद आसने सोडून धावले. त्या दिवसाला तिकडे ‘काळा शुक्रवार’ म्हणतात.

विधेयक मुदतीत मंजूर झाले. पण लोकांना नळापेक्षा ही तोंडबंदी अधिक झोंबली, असे मला वाटते. शिवाय पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांचा गहू विक्रीवाचून पडून होता, आणि वृद्धांच्या पेन्शनीत वाढ मिळाली ती महिना ६ डॉलरची. जून १९५७ मध्ये डीफेनबेकर यांच्या पक्षाला ११२ जागा मिळाल्या, लिबरलांना १०५. एकूण मते मात्र लिबरलांचीच किंचित जास्त! खुद्द हाऊसाहेब पोर्ट आर्थरमध्ये पडले, तेही डग्लस फिशर नावाच्या एका शाळामास्तराकडून. नळ १९५८ साली पुरा झाला.