पहिलीचे पहिले तीन महिने : खेळातून शाळेची ओळख

देशाच्या काही भागांत शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तर काही भागांत जूनमध्ये. महिना कोणताही असला, तरी इयत्ता पहिलीच्या वर्गातील चित्र बहुतांशी सारखेच असते. दोन-तीन वर्षे बालवाडीत घालवलेले मूल आणि आयुष्यात प्रथमच पेन्सिल हाती घेणारे मूल एकाच ओळीत बसलेले असते. पहिल्याच आठवड्यात फळ्यावरील अक्षरे उतरवून घेण्याचे काम दिले, तर दुसऱ्या प्रकारचे मूल तेथेच मागे पडते आणि हे अंतर पुढील इयत्तांमध्ये वाढत जाते. प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळांतील पाच कोटींहून अधिक विद्यार्थ्यांना मूलभूत वाचन, लेखन आणि अंकज्ञान प्राप्त झालेले नसावे, असा अंदाज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात व्यक्त करण्यात आला आहे. या प्रश्नाचे मूळ शाळेच्या पहिल्या वर्षात आणि त्यापूर्वीच्या काळात आहे, हे लक्षात घेऊन या वयोगटासाठी खेळावर आधारित शिक्षणाचा स्वीकार करण्यात आला.

धोरण आणि उपक्रम

नव्या धोरणाने पूर्वीच्या १०+२ या रचनेऐवजी ५+३+३+४ अशी रचना सुचवली. यातील पहिली पाच वर्षे, म्हणजे वयाच्या तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा काळ, हा पायाभूत स्तर मानण्यात आला आहे. पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी या दोन इयत्ता यांचा त्यात समावेश होतो. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, या तथ्याचा धोरणात आधार घेण्यात आला आहे. पहिलीपूर्वीच्या वर्गाला ‘बालवाटिका’ असे नाव देण्यात आले असून, काही केंद्रीय विद्यालयांमध्ये २०२२-२३ पासून असे वर्ग सुरू झाले.

तथापि, पूर्वप्राथमिक शिक्षण न मिळालेल्या मुलांची संख्या मोठी असल्याने पहिलीच्या प्रारंभी त्यांना सामावून घेणारी व्यवस्था आवश्यक होती. त्यासाठी २९ जुलै २०२१ रोजी ‘विद्या प्रवेश’ या उपक्रमाचा प्रारंभ करण्यात आला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजेच एनसीईआरटीने, तयार केलेला हा तीन महिन्यांचा, खेळावर आधारित शाळापूर्व तयारीचा कार्यक्रम आहे. मुलांचे आरोग्य व स्वास्थ्य राखणे, त्यांना प्रभावीपणे संवाद साधता येणे आणि सभोवतालच्या परिसराशी जोडले जाऊन शिकण्यात सक्रिय सहभाग घेणे, अशी तीन विकासात्मक उद्दिष्टे त्यात निश्चित करण्यात आली आहेत.

त्यानंतर २० ऑक्टोबर २०२२ रोजी पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. २० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘जादुई पिटारा’ हा शैक्षणिक साहित्याचा संच सादर करण्यात आला. खेळणी, कोडी, चित्रफलक, चित्रपत्ते, गोष्टींची पुस्तके आणि कृतिपत्रिका यांचा समावेश असलेला हा संच १३ भारतीय भाषांमध्ये उपलब्ध करून देण्यात आला.

खेळातून नेमके काय साध्य होते?

खेळ म्हणजे खऱ्या अभ्यासापूर्वीचा विरंगुळा, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः या वयात खेळ हाच अभ्यासाचा मार्ग असतो. अक्षर लिहिण्यापूर्वी बोटांच्या लहान स्नायूंमध्ये बळ आणि डोळा व हात यांच्यात मेळ यावा लागतो. माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे, रांगोळीचे ठिपके जोडणे या कृतींतून ही तयारी होते. ती होण्यापूर्वीच रेघांमध्ये अक्षरे गिरवण्याची सक्ती केल्यास हात दुखतो आणि मुलाच्या मनात लेखनाविषयी नावड निर्माण होते.

गणिताचेही तसेच आहे. एक ते शंभर आकडे तोंडपाठ म्हणणाऱ्या मुलाला समोरच्या ढिगातून सात चिंचोके मोजून देता येतीलच असे नाही. प्रत्येक मुलापुढे एक ताटली ठेवणे, काड्या लांबीनुसार लावणे, पाने आणि बिया यांचे आकारानुसार गट करणे या खेळांतून संख्येची खरी जाण येते. प्रथम प्रत्यक्ष अनुभव, नंतर त्याविषयी बोलणे, मग चित्र आणि शेवटी चिन्ह, असा क्रम राष्ट्रीय आराखड्यात सांगण्यात आला आहे. आकडा हे चिन्ह असल्यामुळे त्याचे स्थान अखेरचे आहे.

वाचनाची पूर्वतयारी गाणी, कोडी आणि गोष्टींतून होते. यमक जुळवताना शब्द हा ध्वनींचा बनलेला असतो, हे मुलाच्या ध्यानात येते. शिक्षिका पुस्तकावर बोट ठेवून गोष्ट वाचते तेव्हा मजकूर डावीकडून उजवीकडे जातो आणि छापलेल्या खुणांना अर्थ असतो, हे मूल पाहून शिकते. भातुकली किंवा बाजाराच्या खेळात भूमिका ठरवाव्या लागतात, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि आपले म्हणणे पटवून द्यावे लागते. वर्गात बसण्यासाठी लागणारा संयम याच सवयींतून येतो.

शिक्षकांची भूमिका

मुलांना मोकळे सोडून देणे म्हणजे खेळाधारित शिक्षण नव्हे. राष्ट्रीय आराखड्यात मुक्त खेळ, मार्गदर्शित खेळ आणि नियमबद्ध खेळ असे तीन प्रकार सांगितले असून, दिवसाच्या नियोजनात तिन्हींना स्थान असणे अपेक्षित आहे. मुक्त खेळात निवड मुलाची असते. मार्गदर्शित खेळात शिक्षक साहित्याची मांडणी करतात आणि नेमका प्रश्न विचारून विचाराला चालना देतात. नियमबद्ध खेळात उद्दिष्ट व नियम शिक्षक ठरवतात.

या स्तरावर लेखी चाचण्या आणि परीक्षा आराखड्याने अयोग्य ठरवल्या आहेत. मुलांचे निरीक्षण आणि त्यांनी केलेली चित्रे, मातीकाम आदी कामांचा अभ्यास यांतून प्रगतीची नोंद ठेवणे अपेक्षित आहे. त्यासाठी मोठा पट असलेल्या वर्गात किंवा एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता असलेल्या शाळेत अधिक पूर्वतयारी करावी लागते. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणालाही याच कारणाने महत्त्व आहे. बारावी किंवा त्याहून अधिक शिक्षण झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि इतरांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम धोरणात सुचवण्यात आला आहे. मे २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रमही सुरू करण्यात आला.

कोसबाडचा वारसा

हा विचार भारताला नवा नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतील तत्त्वे स्वीकारताना महागडी साधने मात्र ग्रामीण भारताला परवडणारी नाहीत, हे ताराबाईंनी ओळखले होते. १९४५ मध्ये त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडीचे कार्य आरंभले. शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच तेथील शैक्षणिक साधने बनली. अनुताई वाघ यांनी हे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनेक दशके चालवले.

आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत, असे आढळल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. त्यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना साकारली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवण्यात आल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाडी केंद्रे आहेत.

कायद्यातील स्थान आणि घरची भाषा

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क ६ ते १४ या वयोगटाला आहे. ३ ते ६ वयोगटासाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन करू शकेल, अशी तरतूद कलम ११ मध्ये आहे. मात्र तो हक्क नाही. परिणामी, पहिलीत येणाऱ्या मुलांची पूर्वतयारी कुटुंबाच्या परिस्थितीनुसार भिन्न असते. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास मात्र याच कायद्याच्या कलम १३ ने मनाई केली आहे.

घरची भाषा हा दुसरा महत्त्वाचा घटक आहे. घरी वारली बोलणारे पालघरचे मूल मराठी शाळेत जाते आणि घरी मराठी बोलणारे इंदूरचे मूल हिंदी वा इंग्रजी शाळेत जाते, तेव्हा दोघांपुढील अडचण एकच असते. शिक्षकांचे शब्द कळत नसले, तरी खेळ कळतो. खेळाच्या ओघात मूल आपल्या भाषेत बोलू लागते आणि शाळेची भाषा हळूहळू आत्मसात करते. म्हणूनच शक्य असेल तेथे घरच्या भाषेतूनच शिक्षणाची सुरुवात करण्यावर धोरणाचा भर आहे.

पालकांची अपेक्षा

वही कोरी दिसली की शाळेत काहीच शिकवत नाहीत, अशी पालकांची तक्रार असते. स्वतः शिकण्याची संधी न मिळालेल्या आई-वडिलांच्या दृष्टीने भरलेली वही हाच शिक्षणाचा पुरावा असतो, त्यामुळे ही चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. मूल काय खेळले आणि त्यातून काय शिकले, हे शाळेने पालकांना वेळोवेळी दाखवून देणे, हाच त्यावरील उपाय होय. घरीही भाजी निवडताना शेंगा मोजणे, घड्या घातलेले कपडे लावणे, रात्री गोष्ट सांगणे यांसाठी कोणताही खर्च येत नाही.

तीन महिन्यांच्या या तयारीनंतर अक्षरे आणि अंक येतातच. तेव्हा बालवाडीतून आलेले आणि प्रथमच शाळेत पाऊल ठेवलेले अशी दोन्ही मुले एकाच रेषेवरून प्रारंभ करू शकतील, हेच या उपक्रमाचे प्रयोजन आहे.