शेरी

शेरी : दक्षिण स्पेनमधील अँडलुसियात, हेरेथ शहराच्या परिसरात तयार होणारी वाइन. हेरेथच्या ‘शेरीश’ या जुन्या अरबी नावावरून हा शब्द रूढ झाला. बहुतेक शेरी पालोमिनो या पांढऱ्या द्राक्षापासून बनते. ही द्राक्षे ‘अल्बारिसा’ नावाच्या चुनखडीयुक्त पांढऱ्या जमिनीत उत्तम येतात.

आंबवण पूर्ण झाल्यावर वाइनमध्ये द्राक्षांचा मद्यार्क मिसळतात. वाइनमधील मद्यार्काचे एकूण प्रमाण सुमारे १५ टक्के ठेवल्यास पृष्ठभागावर यीस्टची पांढरी साय धरते; तिला ‘फ्लोर’ म्हणतात. सायीमुळे वाइनचा हवेशी संपर्क येत नाही आणि फिकट, कोरडी ‘फिनो’ तयार होते. तिला आंबलेल्या कणकेचा व बदामाचा वास असतो. प्रमाण १७ टक्के किंवा अधिक असल्यास साय टिकत नाही. हवेशी संयोग होऊन गडद, अक्रोडाच्या स्वादाची ‘ओलोरोसो’ बनते. आधी सायीखाली व नंतर हवेत मुरलेली ती ‘आमोंतियादो’. पेद्रो हिमेनेथ जातीची द्राक्षे उन्हात सुकवून केलेली शेरी काळसर, दाट असून मनुका-अंजिरांसारखी गोड लागते.

‘सोलेरा’ पद्धतीत जुन्या पिंपांतून थोडी वाइन काढून ती जागा नव्या वाइनने भरतात. त्यामुळे चव वर्षानुवर्षे एकसारखी राहते.

फिनो, आमोंतियादो, ओलोरोसो व शेवटी पेद्रो हिमेनेथ या क्रमाने थोडी थोडी चाखल्यास कोरड्यापासून अतिगोडापर्यंतचे वैविध्य ध्यानात येते. वाइनची जाण वाढवण्यासाठी शेरीइतके उत्तम उदाहरण क्वचितच सापडते.