हम्फ्रेसाहेब परत आले तेव्हा

गाजलेली मालिका परत आली की प्रेक्षक 'पूर्वीची मजा नाही' असे म्हणतात, आणि आपण ते म्हाताऱ्यांचे नेहमीचे रडगाणे म्हणून सोडून देतो. पण 'येस मिनिस्टर' ह्या ब्रिटिश मालिकेची गोष्ट जरा वेगळी आहे. ती दोनदा परत आली. एकदा लोकांनी डोक्यावर घेतली, दुसऱ्यांदा पाठ फिरवली.

मालिका बीबीसीवर फेब्रुवारी १९८० मध्ये सुरू झाली. लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन. जिम हॅकर हा नवखा मंत्री, सर हम्फ्रे ॲपलबी त्याच्या खात्याचे सचिव, आणि दोघांच्या कात्रीत सापडलेला खासगी चिटणीस बर्नार्ड. मंत्री निर्णय घेतो आणि सचिव तो इतक्या आदबीने गाडतात की मंत्र्याला वाटावे, जिंकलो आपणच! एका भागात नवेकोरे रुग्णालय आहे, पाचशे कर्मचारी आहेत, रुग्ण मात्र एकही नाही. आणि हम्फ्रेसाहेबांच्या मते सारे उत्तम चालले आहे. शिक्षणखात्याची परिपत्रके वाचण्यात माझा जन्म गेला. हा भाग पाहताना मी हसलो, पण आधी दचकलो.

मालिकेत हॅकरच्या पक्षाचे नाव कधीच येत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे प्रेक्षक समोरच्याला हसायला मोकळे. खुद्द पंतप्रधान मार्गारेट थॅचर ह्या मालिकेच्या भक्त. जानेवारी १९८४ मध्ये एका पुरस्कारसमारंभात त्यांनी ह्या नटांबरोबर छोटा प्रवेशही केला. त्यात त्यांना सगळे अर्थशास्त्रज्ञच रद्द करायचे असतात! जिच्यावर बाण सुटायचे तीच टाळ्या वाजवते, तेव्हा बाण नेमका कोणाला लागतो? मला वाटते, तो नोकरशाहीला लागत होता. सरकारी यंत्रणा म्हणजे फुकट खाणारे साहेब, हे बाईंचे म्हणणे लोक हसत हसत पटवून घेत होते. सरकारी अनुदानावर चाळीस वर्षे शिकवलेल्या माणसाला हे खुपते, एवढेच.

डिसेंबर १९८४ च्या नाताळच्या खास भागात हॅकर पंतप्रधान होतो, तेही ब्रिटिश सॉसेज युरोपपासून वाचवल्याच्या जोरावर. जानेवारी १९८६ मध्ये 'येस, प्राइम मिनिस्टर' सुरू झाली. तेच तीन नट, तीच थॅचरबाईंची राजवट, फक्त दालन मोठे. प्रेक्षकांना ओळखीची माणसे बढती मिळून भेटली. १९८८ पर्यंत दोन्ही मालिकांचे मिळून अडतीस भाग झाले.

मग थेट जानेवारी २०१३. पॉल एडिंग्टन १९९५ मध्ये आणि नायजेल हॉथॉर्न २००१ मध्ये गेलेले. बीबीसीने नव्या मालिकेसाठी आधी नमुन्याचा भाग लिहून मागितला, तेव्हा लेखकांनी नमुन्याचे अडतीस भाग आधीच तयार आहेत असे ऐकवले आणि मालिका गोल्ड ह्या वाहिनीकडे नेली. डेव्हिड हेग आणि हेन्री गुडमन हे चांगले नट. आघाडी सरकार होते, युरोपचे कर्ज होते. तरी समीक्षकांनी नावे ठेवली, पुष्कळ प्रेक्षकांनाही ती शिळी वाटली आणि सहा भागांवर गाडी थांबली.

दोष नटांवर घालू नये. १९८० मध्ये बंद दाराआड काय चालते हे लोकांना प्रथमच दिसत होते. मधल्या काळात 'द थिक ऑफ इट' (२००५) येऊन गेली होती. तिच्यात सचिवांचे गोड इंग्रजी नाही, पंतप्रधानांच्या प्रसिद्धीप्रमुखाच्या अर्वाच्य शिव्या आहेत. मंत्र्याला आता सचिव नाही, उद्याचे वर्तमानपत्र पळवते, हे प्रेक्षकाला कळून चुकले होते. अशा प्रेक्षकाला हम्फ्रेसाहेबांचे लांबलचक वाक्य ऐकवून नवे काय कळणार?

आपल्याकडे २००१ मध्ये स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' आली होती, तेव्हाही मला असेच वाटले होते. फारूख शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. दोघेही छान. पण मूळ गोष्ट उभी आहे ती सचिव हलत नाही ह्यावर. इथे मंत्र्याच्या मनात आले तर सचिवाची बदली व्हायला कितीसा वेळ लागतो? आमच्या घरी ती पाहताना शेजारचे एक निवृत्त तहसीलदार एकदाच हसले, तेही मंत्री सचिवाला भ्यायला तेव्हा.